गणिताची भीती आणि कच्चे राहिलेले गणित: नववी-दहावीच्या मुलांसाठी व पालकांसाठी

गणिताच्या चाचणीच्या दिवशी सकाळी पोटात दुखणे, मळमळणे, तळहातांना घाम सुटणे, आदल्या रात्री झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन आठवी ते बारावीची बरीच मुले डॉक्टरांकडे येतात. तपासणीत काही सापडत नाही, सोनोग्राफी नॉर्मल येते, आणि घरी परतताना मुलाला ऐकावे लागते, "तुला काही झालेलं नाही, सगळी नाटकं आहेत."

हे नाटक नसते. भीतीच्या वेळी शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, आतड्यांची हालचाल बदलते, हृदयाचे ठोके वाढतात. वेदना खरी असते, फक्त तिचे कारण पोटात नसते. ओळखायची खूण सोपी आहे. दुखणे शाळेच्या वेळापत्रकाशी जुळते का ते पाहा. दिवाळीच्या सुट्टीत ते नाहीसे होते का? गणिताचा तास नसलेल्या दिवशी मूल डबा संपवून येते का? तसे असेल तर पोटाच्या गोळ्यांपेक्षा गणिताच्या वहीकडे पाहणे जास्त उपयोगाचे ठरते. मात्र वजन कमी होणे, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, शौचातून रक्त जाणे किंवा वारंवार ताप येणे यांपैकी काही असेल तर ते भीतीवर ढकलू नका, तपासणी करून घ्या.

भीती गणित कशी बिघडवते

आपल्या मेंदूत एक छोटीशी पाटी असते असे समजा. वैद्यकीय भाषेत तिला कार्यस्मृती म्हणतात. एखादी गोष्ट करत असताना जेवढे तपशील त्या क्षणी डोक्यात धरून ठेवावे लागतात, ते या पाटीवर असतात. पाटी लहान असते, आणि ती सगळ्यांचीच लहान असते.

आता दहावीच्या बीजगणितातले एक साधे वर्गसमीकरण घ्या: x² − 7x + 12 = 0. हे सोडवताना 12 चे असे दोन अवयव शोधायचे की ज्यांची बेरीज 7 येईल, मग चिन्हे ठरवायची, मधल्या पदाची फोड करायची, गट पाडायचे, आणि शेवटी x च्या दोन किमती लिहायच्या. ज्या मुलाला 3 आणि 4 चा गुणाकार विचार न करता आठवतो, त्याच्या पाटीवर पुढच्या पायऱ्यांसाठी जागा उरते. ज्याला पाढा आठवावा लागतो, त्याची अर्धी पाटी तिथेच भरते. त्यात भीतीची भर पडली की "मला हे येणार नाही", "वेळ संपत आला", "बाबा काय म्हणतील" ही वाक्ये त्याच पाटीवर येऊन बसतात. अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसले. गणिताची भीती जास्त असलेल्यांची कार्यस्मृती गणित सोडवताना तेवढ्यापुरती कमी पडत होती. घरी सुटणारे गणित परीक्षेत सुटत नाही ही तक्रार म्हणून खोटी नसते.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. लायन्स आणि बायलॉक यांच्या 2012 च्या अभ्यासात, गणिताची भीती असलेल्या प्रौढांच्या मेंदूत वेदनेशी संबंधित भाग गणित सोडवताना नव्हे, तर गणित आता येणार आहे हे कळल्यावर जास्त सक्रिय झालेला आढळला. म्हणजे त्रास वाट पाहण्याचा असतो. वही उघडून पहिली ओळ लिहिली की तो बहुधा उतरू लागतो. म्हणून "आज दोन तास गणित कर" यापेक्षा "फक्त पहिले उदाहरण उतरवून घे" ही सूचना अशा मुलाला जास्त झेपते.

आपले मूल एकटेच असे आहे का? नाही. 2012 च्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत विकसित देशांमधल्या 15 वर्षांच्या मुलांना विचारले, तेव्हा सुमारे 59 टक्के मुलांनी गणिताचे तास आपल्याला अवघड जातील अशी काळजी वाटते असे सांगितले.

नववीत नेमके काय होते

"आठवीपर्यंत चांगला होता हो, नववीत काय झालं कळत नाही," हे वाक्य आम्ही फार ऐकतो. नववीत गणिताचा स्वभावच बदलतो. तोपर्यंत उत्तर ही एक संख्या असते. आता अक्षरे येतात, सिद्धता येतात, "दाखवा की" असे प्रश्न येतात. पाठ केलेली रीत एका प्रकारच्या उदाहरणाला चालते, दुसऱ्याला चालत नाही. समरूपता, वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती ही प्रकरणे एकमेकांवर उभी आहेत, आणि सगळी मिळून पाचवी ते सातवीच्या अपूर्णांक, गुणोत्तर व चिन्हांच्या पायावर उभी आहेत. पाया जिथे पोकळ आहे तिथे भेग पडते, पण दिसते ती वरच्या मजल्यावर.

आपल्याकडे भाषेचाही एक भार असतो आणि त्याकडे फारसे कुणी पाहत नाही. सेमी इंग्रजीत जाणाऱ्या मुलाने लंबदुभाजक शिकलेला असतो, पुस्तकात पर्पेंडिक्युलर बायसेक्टर छापलेले असते. शिक्षक मराठीतून समजावतात, प्रश्नपत्रिका इंग्रजीत येते. शाब्दिक उदाहरण दोनदा वाचूनही कळत नाही, कारण अडलेले असते ते वाक्य, गणित नव्हे. अशा मुलाला तेच उदाहरण मराठीत सांगून पाहा. लगेच सुटले तर दुखणे भाषेचे आहे आणि त्यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला 15-20 शब्दांची दुभाषी यादी वहीच्या मागे. मराठीत संख्या म्हणतानाही एकक आधी येतो, सत्तावीसमध्ये आधी सात आणि मग वीस. त्यामुळे ऐकून लिहिताना 27 चे 72 करणारी मुले पुढच्या इयत्तांतही भेटतात. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात "वीस सात" असे संख्यावाचन आले तेव्हा राज्यभर थट्टा झाली, पण ज्या अडचणीसाठी तो बदल केला होता ती अडचण खरी आहे.

अभ्यासाआधी शरीर तपासा

गणिताच्या शिकवणीवर वर्षाला हजारो रुपये खर्च करणाऱ्या घरात मुलाचे डोळे दोन वर्षांत तपासलेले नसतात. फळ्यावरचा घातांक दिसला नाही तर x² चे 2x होते. नंबर लागलेला आहे हे मूल स्वतःहून सांगत नाही, कारण त्याला वाटते सगळ्यांना असेच दिसते.

दुसरे, रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. मुलग्यांमध्येही हे प्रमाण 31 टक्क्यांच्या आसपास होते. रक्तक्षयात थकवा येतो आणि एकाग्रता टिकत नाही, आणि गणित हा असा विषय आहे की मधली एक पायरी निसटली तरी पुढचे सगळे निसटते. हिमोग्लोबिनची तपासणी स्वस्त आहे, ती करून घ्या.

तिसरी गोष्ट झोप. या वयात रोज 8 ते 10 तास झोप लागते. सकाळी सातची शाळा, संध्याकाळी क्लास, रात्री बारापर्यंत मोबाईल, हे गणित मात्र कोणत्याच रीतीने सुटत नाही. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेली उजळणी बहुतेकदा तोट्यात जाते. बुद्धी वाढवणारी टॉनिके, सिरप, गोळ्या यांचा गणिताला उपयोग होतो असा पुरावा नाही. धडधड कमी करणारी एखाद्या नातेवाइकाची गोळी परीक्षेच्या दिवशी मुलाला देऊ नका. दमा असलेल्या मुलांना अशा काही गोळ्या धोकादायक ठरतात.

कच्चा दुवा कसा शोधायचा

सगळ्यात जास्त फायदा इथे होतो आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. मूल दहावीच्या प्रकरणात अडले की आपण दहावीचीच आणखी उदाहरणे करायला लावतो. तापाचे कारण न शोधता पुन्हा पुन्हा तापाची गोळी देण्यासारखे आहे हे.

एक उदाहरण पाहा: x/3 + x/4 = 7. हे सोडवताना मुलाने 2x/7 = 7 असे लिहिले, तर त्याला समीकरण येत नाही असे नाही. त्याला छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज येत नाही, आणि ती सहावीच्या आसपासची गोष्ट आहे. बरोबर रीतीने 12 ने गुणले की 4x + 3x = 84, म्हणजे x = 12. दुसरा एखादा −(x − 5) चे −x − 5 करतो. त्याची अडचण ऋण चिन्ह कंसात शिरताना होते. तिसरी (a + b)² चे a² + b² करते. तिला रागावण्याऐवजी a = 3, b = 4 घालून पाहायला सांगा: एका बाजूला 49, दुसऱ्या बाजूला 25. संख्या घालून पडताळणे ही सवय लागली की अशा निम्म्या चुका मूल स्वतःच पकडते.

हे शोधायला महागडी चाचणी लागत नाही. बालभारतीची सहावी, सातवी, आठवीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. अपूर्णांक, पूर्णांक संख्यांच्या क्रिया, गुणोत्तर-शतमान, बैजिक राशी या प्रत्येकातली दहा-दहा उदाहरणे काढा. वेळ लावू नका, गुण देऊ नका. एका बैठकीत एकच विषय. दहापैकी आठ सहज आली तर तो दुवा पक्का समजा, पाच-सहाच आली तर तिथून सुरुवात. सोळा वर्षांच्या मुलाला सहावीचे पुस्तक हातात घ्यायची लाज वाटते, ही खरी अडचण आहे. पुस्तकाला कव्हर घाला, धाकट्या भावंडासमोर करायला लावू नका, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना हे सांगू नका.

याला वेळ किती लागतो, असे पालक विचारतात. आठ दिवसांत काही होत नाही. रोज वीस मिनिटे मागचे आणि उरलेला वेळ शाळेत चाललेले प्रकरण, असे एक सत्र गेले की बहुतेक मुलांमध्ये फरक दिसू लागतो. नववीत सुरुवात केली तर उत्तम. दहावीच्या जानेवारीत सुरुवात करणार असाल तर सगळा पाया भरायला जाऊ नका. त्यासाठी पुढे वेगळे लिहिले आहे.

वाचून गणित येत नाही

सोडवलेले उदाहरण वाचताना सगळे कळते. म्हणूनच ते फसवे असते. मार्गदर्शक किंवा यूट्यूबवरचा व्हिडिओ पाहताना "हां, बरोबर" असे वाटणे आणि कोऱ्या कागदावर ते करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नवीन प्रकार शिकताना आधी दोन-तीन सोडवलेली उदाहरणे नीट पाहावीत आणि प्रत्येक पायरीपाशी "ही का केली?" असे स्वतःला विचारावे. यात कमीपणा काही नाही. अगदी नवख्या विद्यार्थ्याला थेट उदाहरणांत ढकलण्यापेक्षा सोडवलेल्या उदाहरणांवरून जास्त शिकता येते, हे जॉन स्वेलर यांच्या 1980 च्या दशकातील संशोधनापासून अनेकदा दिसून आले आहे. मग पुस्तक मिटायचे आणि तेच उदाहरण कोऱ्या कागदावर करायचे. अडले तर दहा-पंधरा मिनिटे झगडायचे, त्याहून जास्त नाही. उत्तर पाहायचे, पुन्हा मिटायचे, पुन्हा सुरुवातीपासून लिहायचे. दोन दिवसांनी तेच एकदा, आठवड्याने आणखी एकदा. उत्तर पाहून "कळलं" म्हणत पुढे गेलेले उदाहरण न केल्यातच जमा.

दुसरी गोष्ट, प्रकार मिसळा. सरावसंच 2.3 मधली सगळी उदाहरणे एकाच रीतीची असतात, त्यामुळे कोणती रीत वापरायची हे ठरवण्याचा सराव होतच नाही. परीक्षेत नेमके तेच ठरवायचे असते. अमेरिकेत सातवीच्या वर्गांमध्ये झालेल्या अभ्यासांत, मिश्र उदाहरणांचा सराव केलेल्या मुलांना नंतरच्या चाचणीत एकाच प्रकारचा सराव केलेल्यांपेक्षा बरेच जास्त जमले. मिश्र सराव करताना जास्त चुका होतात आणि मुलाला वाटते आपले बिघडले. ते तसेच वाटणार, हे आधीच सांगून ठेवा.

चुकांची एक वेगळी वही ठेवा. तिच्यात चूक कोणत्या जातीची ते लिहा: प्रश्न नीट वाचला नाही, रीत माहीत नव्हती, की रीत माहीत असून चिन्ह किंवा आकडेमोड चुकली. महिन्याने ती वही उघडली की बहुतेक मुलांना धक्का बसतो, कारण चाळीस चुका म्हणजे प्रत्यक्षात चार-पाचच चुका पुन्हा पुन्हा झालेल्या असतात. "सिली मिस्टेक" हा शब्द घरातून काढून टाका, त्याने चूक झाकली जाते.

अबॅकस आणि वैदिक गणिताबद्दल विचारणा होते. आकडेमोडीचा वेग वाढवायला त्यांची मदत होऊ शकते. पण समरूपतेची सिद्धता कळत नसेल तर वेगाने गुणाकार करून ती कळणार नाही.

परीक्षा तोंडावर आली असेल तर

राज्य मंडळाच्या सध्याच्या आराखड्यात दहावीच्या गणित भाग 1 आणि भाग 2 ची प्रत्येकी 40 गुणांची, दोन तासांची प्रश्नपत्रिका असते. त्यातले निम्मे गुण पहिल्या दोन प्रश्नांत, म्हणजे एक आणि दोन गुणांच्या छोट्या उपप्रश्नांत असतात. चौकटी भरून कृती पूर्ण करायचे प्रश्नही असतात, त्यांत रीत अर्धी दिलेलीच असते. कच्च्या विद्यार्थ्याने शेवटच्या दोन महिन्यांत चार गुणांच्या अवघड उदाहरणांमागे न लागता हे पक्के करावे. संभाव्यता, सांख्यिकी, अर्थनियोजन, भौमितिक रचना ही प्रकरणे बैजिक पाया कमी असला तरी तुलनेने लवकर आवाक्यात येतात. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवावा, कारण वेळेच्या दडपणाची सवय वेळेच्या दडपणातच होते.

पेपर हातात आला आणि सगळे विसरल्यासारखे झाले तर पेन खाली ठेवा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असे पाच-सहा वेळा. श्वास सोडण्याचा वेळ लांबला की ठोके उतरतात. मग सगळ्यात सोपा वाटणारा प्रश्न, तो कितव्याही क्रमांकाचा असो. लागणारी सूत्रे डोक्यात घोळवत न बसता कच्च्या कामाच्या जागी लिहून टाकली की ती पाटी मोकळी होते. काही मुलांना पेपरच्या आधी दहा मिनिटे आपली भीती कागदावर लिहून काढण्याचा फायदा होतो. सगळ्यांना होईलच असे नाही, एखाद्या चाचणीच्या वेळी करून पाहावे.

घरातली मोठी माणसे

"मलाही गणित कधी जमलं नाही, आपल्या घरातच नाही ते," असे आई प्रेमाने म्हणते. मुलाला त्यात सुटका ऐकू येते. "अरे इतकं सोपं आहे, डोकं कुठे आहे?" असे बाबा म्हणतात, आणि त्यात मुलाला निकाल ऐकू येतो. पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेल्या 2015 च्या एका अमेरिकी अभ्यासात, गणिताची भीती असलेल्या पालकांनी गृहपाठात वारंवार मदत केली तेव्हा त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीती वाढली. दहावीला हे जसेच्या तसे लागू होईल असे म्हणता येणार नाही, पण शिकवताना आवाज चढत असेल तर शिकवणे सोडून द्यावे हे मात्र मी नक्की सांगेन. त्याऐवजी मुलाला म्हणा, "हे तू मला समजावून सांग." तुम्हाला ते न कळणे इथे उपयोगाचेच आहे.

मुलगी असेल तर "तिला भाषा चांगली जमते, गणिताचं काय एवढं" हे वाक्य मावशी-आत्याच्या तोंडूनही येऊ देऊ नका. मुलींचे गुण मुलग्यांइतके असतानाही त्यांना गणिताची भीती जास्त वाटते असे अनेक अभ्यासांत आढळते.

हे डिस्कॅल्क्युलिया तर नाही?

काही मुलांना संख्यांची जाणच जन्मापासून कमी असते. साधारण शंभरात तीन ते सात मुलांमध्ये ही गणन-अक्षमता आढळते, आणि बुद्धिमत्ता त्यांची सामान्य किंवा त्याहून चांगली असू शकते. फरक असा पाहावा: अडचण पहिली-दुसरीपासून आहे का? आजही बोटांवर मोजावे लागते का? 100 रुपयांतून 63 गेले तर किती परत येतील हे दुकानात उभे राहून सांगता येत नाही का? काट्यांचे घड्याळ वाचता येते का? भरपूर सराव करूनही पाढे पुसले जातात का? उत्तरे बहुतांश "अडचण आहे" अशी असतील तर तपासणी करून घ्यावी. आठवीपर्यंत ठीक असलेले मूल नववीत घसरले असेल तर डिस्कॅल्क्युलियाची शक्यता कमी. तिथे कच्चा दुवा, भीती, झोप, नैराश्य किंवा लक्ष एकाग्र न होण्याचा विकार यांचा विचार आधी करावा लागतो.

विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे. त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यास मंडळाच्या परीक्षेत वाढीव वेळ, गणकयंत्र अशा सवलती मंडळाच्या नियमांनुसार मिळतात. प्रमाणपत्र शासनाने अधिकृत केलेल्या रुग्णालयाचेच लागते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते, इतर जिल्ह्यांत जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात चौकशी करावी. डोळे-कान तपासणी, बुद्ध्यांक चाचणी आणि शैक्षणिक चाचणी यांसाठी अनेक खेपा होतात, आणि अर्ज शाळेमार्फत जातो. दहावीच्या डिसेंबरात धावपळ करण्यापेक्षा आठवी-नववीतच सुरुवात करा. जाताना मागच्या तीन-चार वर्षांची प्रगतिपुस्तके आणि मुलाच्या गणिताच्या वह्या न्या, वह्यांवरून डॉक्टरांना फार कळते.

लगेच मदत केव्हा घ्यावी

मूल शाळा टाळू लागले, दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास आहे, खाणे-झोपणे बदलले, आवडीचे खेळ सोडले, हातावर ओरखडे दिसले, किंवा "मी नसलो तर बरं होईल" असे काही बोलले, तर निकालाची वाट पाहू नका. असे बोलणारे मूल लक्ष वेधून घेत आहे असे समजून सोडून देऊ नये. त्याला एकटे न ठेवता बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

गणित सोडता येईल का, हा प्रश्न मुले डॉक्टरांना एकट्यात विचारतात, म्हणून त्याचेही उत्तर घरात माहीत असावे. सीबीएसईमध्ये दहावीला स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन स्तर आहेत. अकरावीला गणित घ्यायचे असेल तर साधारणपणे स्टँडर्ड निवडावे लागते. राज्य मंडळात अकरावीला कला शाखेत गणित सक्तीचे नाही, वाणिज्य शाखेत ते ऐच्छिक आहे, आणि विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेऊन गणिताशिवायही जाता येते, फक्त अभियांत्रिकीची वाट मग बंद होते. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीखाली अकरावीत प्रवेश मिळतो आणि पुरवणी परीक्षा जुलैच्या सुमारास होते. हे मुलाला पेपरच्या आधी सांगून ठेवा.